वसंतातली ताजी, फळांच्या वासाची साके: कशी निवडायची, कशी चाखायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मार्चअखेरीस दोन आठवड्यांसाठी जपानला येताय. मुंबईत एका हॉटेलात एकदा गरम साके घेतली होती, ती पेजेत दारू ओतल्यासारखी लागली आणि तिथेच विषय संपला. आता कुणीतरी सांगितलं की वसंतात मिळणारी नवी साके केळ्या-सफरचंदाच्या वासाची असते आणि ती थंड पितात. ती ओळखायची कशी, प्यायची कशी, कशाबरोबर घ्यायची, आणि एखादी बाटली पुण्याला नेता येईल का?

मी टोकियोत साकेच्या दुकानात काम करतो. वसंतात येणारी बरीच गिऱ्हाइकं हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीलाच एक गुंता सोडवून टाकू, कारण बहुतेकांची खरेदी त्यातच चुकते. ‘ताजी’ आणि ‘फळांच्या वासाची’ या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. साके ताजी असूनही तिला फळांचा वास अजिबात नसू शकतो. उलट, घमघमणारी साके पाश्चराइझ करून वर्षभर ठेवलेलीही असू शकते. तुम्हाला दोन्ही एकाच बाटलीत हवं आहे, म्हणून दोन्ही कुठून येतं ते माहीत असलेलं बरं.

फळांचा वास यीस्टकडून येतो. साकेत मुळात तांदूळ, पाणी, कोजी बुरशी आणि यीस्ट एवढंच असतं (काही प्रकारांत थोडं अल्कोहोल घालतात, ते पुढे सांगतो), फळ औषधालाही नसतं. कोजी तांदळातल्या स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. हे करताना यीस्ट एस्टर नावाची काही सुगंधी द्रव्यंही तयार करतं. त्यातले दोन लक्षात ठेवा. आयसोअमाइल अ‍ॅसिटेटला पिकलेल्या केळ्याचा, पेरचा, खरबुजाचा वास येतो. एथिल कॅप्रोएटला सफरचंदाचा, अननसाचा आणि मागे किंचित बडीशेपेचा. पहिल्यांदा वास घेताना “हे केळ्याकडे जातंय की सफरचंदाकडे?” एवढंच स्वतःला विचारलंत, तरी निम्मी साके कळली.

पण यीस्ट हा वास सहजासहजी देत नाही. तांदळाच्या बाहेरच्या थरात चरबी असते आणि ती एस्टर तयार होण्याच्या आड येते, म्हणून तांदूळ भरपूर घासावा लागतो. मग पिंपाचं तापमान दहा अंशांच्या आसपास धरून महिनाभर, कधी त्याहून जास्त, आंबवण रेंगाळत ठेवावी लागते. उबेत यीस्ट भराभर काम उरकतं आणि सुगंध हवेत उडून जातो. अशा पद्धतीने केलेल्या साकेला गिंजो म्हणतात. तांदळाचा मूळ वजनाच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग उरेपर्यंत घासला तर गिंजो, ५० टक्के किंवा कमी उरला तर दाइगिंजो.

या पद्धतीचा पाया हिरोशिमातल्या मिउरा सेनझाबुरो यांनी घातला. तिथलं पाणी मऊ, त्यात खनिजं कमी, त्यामुळे आंबवण नीट चालत नसे. त्यांनी कोजी तांदळात खोलवर मुरवून, कमी तापमानात सावकाश आंबवायची रीत बसवली आणि १८९८ मध्ये ती छापून सगळ्यांसाठी खुली केली. १९११ पासून नव्या साकेची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली, ती आजही दर वसंतात होते. गिंजो प्रामुख्याने या स्पर्धांसाठीच व्हायची, दुकानात फारशी दिसतच नसे. सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी गिंजो लोकांपुढे आणणाऱ्यांत यामागाता प्रांतातल्या तेंदो गावची देवाझाकुरा ही अगदी सुरुवातीची. त्यांची ‘ओका’ १९८० मध्ये आली. आजही कुणी मला “पहिली गिंजो कोणती घेऊ?” असं विचारलं, की ती माझ्या यादीत असतेच.

आता ताजेपणाकडे वळू. साके परंपरेने थंडीत करतात. आंबलेला लगदा पिळून साके निघाली की ती साधारण ६० ते ६५ अंशांना तापवतात. एकदा साठवणीपूर्वी आणि पुन्हा एकदा बाटलीत भरताना. त्याने जंतू मरतात, कोजीतून आलेली एन्झाइमं थांबतात आणि साके स्थिर होते. हे तापवणं पूर्णपणे टाळलं तर मिळते ती नामाझाके, म्हणजे कच्ची साके. तिच्यात पिंपातला कार्बन डायऑक्साइड थोडा शिल्लक असतो, जिभेच्या टोकाला बारीक चुणचुण लागते, नुकत्या कापलेल्या गवतासारखा हिरवा वास असतो आणि चवीला एक टवटवीत धार असते. मात्र एन्झाइमं जागीच असल्यामुळे ती बाटलीतही बदलत राहते. म्हणून तिला कारखान्यापासून तुमच्या पेल्यापर्यंत गार ठेवावं लागतं.

आता वरचा गुंता सुटेल. यामाहाई नावाच्या जुन्या पद्धतीने केलेली कच्ची साके ताजी असते, पण तिला दह्याचा, धान्याचा, कधी मशरूमचा वास येतो. केळ्याच्या आशेने ती उघडलीत तर हिरमोड होईल, आणि त्यात साकेचा काही दोष नसेल. उलट ‘ओका’ची नेहमीची बाटली तापवलेली असूनही फळांचाच वास देते. अलीकडे पुष्कळ कारखाने बाटली भरून मग एकदाच तापवतात आणि लगेच थंड पाण्याने गार करतात. त्यामुळे सुगंध बराचसा शाबूत राहतो. तेव्हा नुसतं ‘नामा’ हा शब्द शोधू नका. ‘नामा’ आणि ‘गिंजो’ हे दोन्ही शब्द एका लेबलवर असले, की तुम्हाला हवी ती बाटली हाती लागली असं समजा.

वसंतच का, याचंही उत्तर इथेच आहे. नवी साके नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच दुकानात येते. पण ती बहुधा हंगामाच्या सुरुवातीला, लवकर आलेल्या तांदळाची असते. तिच्यात जोम असतो, जरा खरखरही असते. गिंजोसाठी कडाक्याची थंडी लागते, म्हणून कारखाने तिची पिंपं बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत लावतात आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्ये पिळली जातात. हंगामातलं सर्वांत निगुतीने केलेलं काम चेरी फुलायच्या सुमारास बाटलीत येतं. ४ फेब्रुवारीच्या सुमारास जपानी पंचांगातला वसंतारंभ, रिश्शुन, असतो. त्या दिवशी पहाटे पिळलेली साके त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याचा उपक्रम १९९८ पासून चालू आहे. तुम्ही मार्चअखेरीस येताय म्हणजे ती तुम्हाला चुकेल, पण वाईट वाटून घेऊ नका. पिळल्यावर महिनाभर थंडीत बसलेली गिंजो मला त्या दिवसाच्या साकेपेक्षा अधिक आवडते. कोवळा कडसरपणा तेवढ्यात निवतो आणि सुगंध मात्र अजून जागचा हललेला नसतो.

दुकानात गेल्यावर आधी फ्रीज बघा. कच्ची साके बाहेरच्या फळीवर, दिव्याखाली ठेवलेली दिसली तर त्या दुकानातून काहीच घेऊ नका. साकेला उष्णता सोसत नाही आणि उजेडही सोसत नाही. चांगल्या दुकानात काचेच्या दाराची मोठी शीतकपाटं असतात आणि काही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या असतात. ते उजेडासाठी.

लेबलवरचे शब्द फोनने वाचता येतात, पण काही कानावरून गेलेले असले की दुकानदाराशी बोलता येतं. ‘शिबोरिताते’ म्हणजे नुकती पिळलेली. ‘गेनशु’ म्हणजे पाणी घालून पातळ न केलेली. बहुतेक गेनशु १७ ते १९ टक्क्यांची असते, नेहमीची साके १५-१६ ची. ‘मुरोका’ म्हणजे कोळशातून न गाळलेली. ‘उसुनिगोरी’ म्हणजे तळाशी थोडा पांढरा गाळ राहू दिलेली. पिळताना आधी आपोआप वाहून आलेली ती ‘आराबाशिरी’, तिच्यात चुणचुण आणि उत्साह जास्त. मधली ‘नाकादोरी’, सर्वांत समतोल. शेवटी जोर लावून काढलेली ‘सेमे’, जड आणि कडसर. तुम्हाला निवड मिळाली तर नाकादोरी घ्या. दोन नावांपासून जपा: ‘नामाचोझो’ आणि ‘नामाझुमे’. नावात नामा असलं तरी दोन्ही एकेकदा तापवलेल्या असतात. वाईट नसतात, पण कच्च्या नसतात.

जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली, हीच शुद्ध आणि बाकीची भेसळ, असा एक समज भारतातून येणाऱ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो. तो काढून टाका. जुनमाई नसलेल्या गिंजोत लगदा पिळण्याआधी थोडं अल्कोहोल घालतात. सुगंधी द्रव्यं अल्कोहोलात चांगली विरघळतात, त्यामुळे ती चोथ्यात न अडकता साकेत उतरतात. ‘ओका’ जुनमाई नाही, आणि तिच्या सुगंधामागे हे एक कारण आहे.

तांदूळ किती घासला हा आकडाही फार मनावर घेऊ नका. ५० टक्क्यांपेक्षा २३ टक्क्यांची साके दुप्पट सुगंधी असते, असं काही नाही. घासल्याने चव नितळ होते, सुगंध मात्र यीस्टवर आणि थंडीवर ठरतो. मी आकड्यापेक्षा तारीख बघतो. बाटली भरल्याचा महिना बहुतेक कारखाने छापतात, कधी इसवी सनाप्रमाणे तर कधी जपानी रेइवा वर्षाप्रमाणे. २०२६ म्हणजे रेइवा ८. साकेचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं, म्हणून २०२६ च्या वसंतातल्या नव्या साकेवर हंगाम रेइवा ७ चा लिहिलेला असेल. ती जुनी आहे असं समजून परत ठेवू नका.

गुलाबी लेबल आणि चेरीची फुलं बघून भुलू नका, एवढंही सांगतो. ‘हारुझाके’, म्हणजे वसंतातली साके, या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही. त्या लेबलखाली उत्तम कच्ची गिंजोही असते आणि साधी साकेही. खरीखुरी गुलाबी साके मात्र असते. काही कारखाने लाल रंग तयार करणारं एक खास यीस्ट वापरतात आणि गुलाबी निगोरी, म्हणजे गढूळ साके, काढतात, ती ३ मार्चच्या बाहुल्यांच्या सणाच्या सुमारास दिसते. गोडसर, हलकी, दिसायला देखणी. एक पेला छान वाटतो, जेवणाबरोबर मी घेत नाही.

नावंच हवी असतील तर माझी पसंती सांगतो. ‘ओका’ झाली, वसंतात तिची कच्ची बाटलीही मिळते. नारा प्रांतातली युचो कारखान्याची ‘काझे नो मोरी’: तिथलं पाणी कठीण, साके कच्चीच विकतात, उघडताना हलका फुस्स आवाज येतो आणि खरबूज-पेरचा वास असतो. कोचीतली ‘कामेइझुमी’, तीही सीईएल-२४ या यीस्टची कच्ची गेनशु: अननसाचा वास इतका ठळक की साके न आवडणारा माणूसही थबकतो. गोडी आणि आंबटपणा दोन्ही भरपूर. साके कधीच न घेतलेल्याला मी हीच देतो, रोज जेवणाबरोबर घेणाऱ्याला देत नाही. सागा प्रांतातल्या काशिमाची ‘नाबेशिमा’ २०११ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वाइन स्पर्धेत साके विभागाची विजेती ठरली. ती पूर्वीपासून माझी लाडकी आहे, कारण तिचा सुगंध चवीच्या पुढे धावत नाही. आणि निगाताच्या किकुसुइ कारखान्याची ‘फुनागुची’: १९७२ पासून २०० मिलिलिटरच्या डब्यात मिळणारी कच्ची गेनशु. १९ टक्क्यांची, दणकट, पण ताज्या साकेची धार काय असते ते फारसा खर्च न करता कळतं. काही बाटल्यांची नावं तुम्ही ऐकून याल आणि त्या मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकायला ठेवलेल्या दिसतील. त्या सोडून द्या. ७२० मिलिलिटरची उत्तम कच्ची गिंजो दोन हजार येनच्या आसपास मिळते.

प्रांतांविषयी एक गोष्ट. निगाता साकेसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथली जुनी आवड नितळ, कोरड्या, म्हणजे गोडी कमी असलेल्या साकेची. फळांच्या मागे असाल तर यामागाता, फुकुशिमा, अकिता, नागानो, नारा, मिए, सागा, कोची इकडे बघा. फुकुशिमाने मघाशी सांगितलेल्या राष्ट्रीय परीक्षेत २०२२ पर्यंत सलग नऊ वेळा सर्वाधिक सुवर्णपदकं घेतली आहेत. तरी निगातातलं पोन्शुकान हे साके चाखायचं ठिकाण चुकवू नका. टोकियोहून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या अंतरावर एचिगो-युझावा स्टेशन आहे, त्याच्या आतच ते आहे. भिंतीला लावलेल्या यंत्रात टोकन टाकायचं, छोटा पेला भरून घ्यायचा. एकाच प्रांतातल्या साक्यांत किती फरक असतो हे जिभेला शिकवायला याहून सोपी जागा मला माहीत नाही.

आता चाखण्याविषयी. चोको, म्हणजे साकेचा मातीचा छोटा पेला, सुंदर असतो, पण सुगंधी साकेला त्यात जागा मिळत नाही. वाइनचा साधा, फार मोठा नसलेला ग्लास घ्या आणि त्यात तळाला दोन-तीन बोटं साके ओता. फ्रीजमधून काढलेली साके पाच अंशांच्या आसपास असते आणि त्या तापमानाला सुगंध मिटलेला असतो. पाच-दहा मिनिटं थांबा. दहा ते बारा अंशांवर ती खुलते.

ग्लास हलवण्याआधी वास घ्या. मग एकदाच फिरवून पुन्हा घ्या. केळं की सफरचंद, हे ठरवा. त्याच्या मागे तांदळाचा वास आहे का ते शोधा: वाफाळत्या भाताचा, तांदळाच्या ओल्या पिठाचा. तो असेल तर मला ती साके आवडण्याची शक्यता खूप वाढते. नुसतंच फळ असेल तर ते सेंट लावल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या पेल्याला कंटाळा येतो. चहाचा चमचाभर साके तोंडात घ्या, जिभेवर पसरू द्या, ओठांतून थोडी हवा आत ओढा. आता सुगंध घशाकडून नाकात चढेल. त्यानंतर गिळा आणि काहीही न करता थांबा.

खरी पारख इथे आहे. वास नाकाला लगेच जिंकतो, त्यामुळे पहिल्या घोटाला सगळ्याच सुगंधी साक्या छान वाटतात. गिळल्यानंतर काय राहतं ते बघा. गोडी जिभेवर चिकटून बसली आणि पाणी प्यावंसं वाटलं, तर साकेत आंबटपणा कमी पडलाय. एथिल कॅप्रोएट फार असलं की मागे कडसरपणा येतो आणि तो झाकायला साके करणारे तिच्यात साखर जास्त ठेवतात. पुष्कळ घमघमीत साक्या गोड असण्याचं हे एक कारण आहे. चांगल्या साकेत गोडी येते, मग आंबटपणा तिला उचलून घेतो, शेवटी पुसटसा कडवटपणा राहतो आणि तोंड स्वच्छ होतं. पुढचा घास खावासा वाटतो. असं झालं तर बाटली घ्या. लेबलवरच्या कोरडं-गोड दाखवणाऱ्या अंकावर या साक्यांच्या बाबतीत विसंबू नका. फळांचा वास जिभेला फसवतो आणि अधिक (+) अंकाची, म्हणजे कोरडी म्हणून नोंदलेली साकेही गोड भासते.

शक्य असेल तर बाटली एका बैठकीत संपवू नका. पहिल्या दिवशी चुणचुण आणि धार. दुसऱ्या दिवशी वायू गेलेला असतो, गोडी गोल होते, लपलेला तांदूळ पुढे येतो. काही साक्या तिसऱ्या दिवशी सर्वांत छान असतात, ‘काझे नो मोरी’ बऱ्याचदा. आठवड्याच्या आत मात्र संपवा. हॉटेलच्या खोलीतला छोटा फ्रीज पुरेसा थंड नसतो, म्हणून प्रवासात ३०० मिलिलिटरच्या बाटल्या घ्या.

गढूळ, फसफसणारी निगोरी घेतलीत तर उघडताना सावध राहा. आतलं यीस्ट जिवंत असतं. बाटली उभी ठेवून रात्रभर गार करा, आडवी ठेवू नका, हलवू नका. न्हाणीच्या बेसिनमध्ये उभी करून झाकण अगदी थोडंसं सैल करा. तळाचा पांढरा गाळ ढगासारखा वर चढायला लागेल. फेस मानेपर्यंत आला की लगेच घट्ट करा. फेस खाली बसला की पुन्हा सैल करा. असं दहा-पंधरा वेळा, कधी त्याहूनही जास्त करावं लागतं. वायू निघत जातो आणि गाळ आपोआप ढवळला जातो. झाकण उघडून मोकळी झालेली बाटली हातात आली की पहिला पेला घ्या: आंबूस, दुधट, तांदळाच्या कणांची किंचित रवाळ चव. घाई केलीत तर अर्धी साके बेसिनमध्ये जाईल.

काय खायचं? जपानी वसंताची चव गोड नसते, कडू असते. डोंगरातले कोंब आणि कळ्या, फुकीनोतो, तारानोमे, मोहरीच्या फुलांची कोवळी भाजी नानोहाना, हे सगळं कडसर. फुकीनोतोचा तेंपुरा (जपानी भजी) मिठात टेकवून खा आणि वर केळ्या-खरबुजाच्या वासाची कच्ची साके घ्या. कडूपणा साकेची गोडी बाजूला सारतो, साके तेलाचा थर पुसते आणि फळ एकदम स्वच्छ दिसतं. मी माणसांना साके आवडायला लावतो ती बहुतेक वेळा या एका जोडीने. कोवळे बांबूचे कोंब, वाफवलेले हामागुरी शिंपले, तोयामा खाडीतले मार्च ते मे मिळणारे काजवा-माकूळ (होतारुइका) आंबटगोड मिसोबरोबर, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या चटणीबरोबर, हेही जमून येतं. सोया सॉस बेतानेच वापरा. सुगंधी साकेशी मिठाचं आणि लिंबाचं जमतं, सोयाच्या खारट दाट चवीत फळ बुडतं. तुम्ही शाकाहारी असाल तर तेंपुऱ्याबरोबर दिली जाणारी पातळ आमटी टाळा, तिच्यात बहुधा माशाचा अर्क असतो. मीठ मागा, ते चवीलाही बरं.

चेरीच्या झाडाखाली बसून प्यायची असेल तर उएनो किंवा योयोगी बागेत जा, शिंजुकु ग्योएन या बागेत मद्याला बंदी आहे. उघड्यावर वाऱ्यात सुगंध टिकत नाही, म्हणून तिथे महागडी दाइगिंजो उघडू नका. गढूळ उसुनिगोरी किंवा डब्यातली गेनशु न्या. एप्रिलच्या सुरुवातीची संध्याकाळ चांगलीच गार असते, बाटलीला बर्फ लागत नाही. आणि जेवढी साके तेवढंच पाणी प्या, इथे ते सोबत देण्याची पद्धतच आहे. फळांच्या वासामुळे १७-१८ टक्क्यांचा जोर जाणवत नाही. उठताना कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

बिघडलेली साके ओळखायलाही शिका. कच्च्या साकेला भाजलेल्या दाण्यांचा, जुन्या चीजचा, जनावराच्या कातडीसारखा जड वास आला, तर ती उबेत राहिली आहे. लोणच्यात मुरलेल्या मुळ्याचा वास आला तर साके वयाने थकली आहे. स्वच्छ असायला हवी ती बाटली धुरकट दिसली आणि आंबट वास आला, तर जंतूंनी घर केलंय. तोंडात घेऊ नका. उपाहारगृहात असं झालं तर शांतपणे सांगा, बहुतेक ठिकाणी पेला बदलून देतात.

राहता राहिलं पुण्याला नेणं. भारतात परतताना एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७२० च्या दोन बाटल्या आरामात बसतात. प्रश्न उष्णतेचा आहे. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीकडे असतो. विमानतळापासून घरापर्यंत गाडीच्या डिकीत पडून राहिलेली कच्ची साके वाया गेलीच समजा. जिवंत, फसफसणारी निगोरी तर सामानात अजिबात घालू नका. नेहमीची तापवलेली ‘ओका’ किंवा तशीच एकदा तापवून गार केलेली गिंजो घ्या, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत मधोमध ठेवा, घरी पोचताच फ्रीजमध्ये ढकला आणि महिन्याभरात उघडा. कच्चीच न्यायचा हट्ट असेल तर निघायच्या दिवशी घ्या आणि दुकानात थंड पिशवी व बर्फाच्या लाद्या मागा, थोडे पैसे घेऊन देतात.

घरी गोड्या मसाल्याच्या कुठल्याही रश्श्याबरोबर ती देऊ नका, लवंग-दगडफुलापुढे तिचं काही चालत नाही. त्या दिवसांत ओले काजू मिळत असतील तर त्यांची उसळ तिखट कमी आणि खोबरं जास्त घालून करा. मासे खात असाल तर रवा लावून तळलेली मांदेली, वर मीठ आणि लिंबू. साके बारा अंशांवर येऊ द्या, आधी थोडी नुसती चाखा, मग एक घास खाऊन पुन्हा चाखा. बाटली त्याच आठवड्यात संपवा. थोडी उरलीच तर फार दिवस जपून न ठेवता तिच्यात शिंपले किंवा मशरूम वाफवून घ्या.